पाहणे कोणाचे, निष्कर्ष कोणाचा? : ब्राझीलमधील कॅथलिक विद्यार्थी चळवळीचे मूल्यमापन



धर्मश्रद्धा आणि सामाजिक कार्य यांची सांगड घालणाऱ्या चळवळींचा अभ्यास करताना ब्राझीलमधील 'जुक'चे नाव तुमच्या वाचनात येईल. 'कॅथलिक विद्यापीठीय युवक' अशा अर्थाच्या पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून हे लघुरूप बनले आहे. १९५० मध्ये देशपातळीवर संघटित झालेली ही चळवळ दोन दशकेही टिकली नाही. 'धर्मात राजकारण मिसळले, म्हणून ती मोडली' असे तिच्याबद्दल सहज म्हटले जाते. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. खरा पेच वेगळा होता : जो स्वतः पाहतो आणि विचार करतो, त्याला निष्कर्ष काढण्याचा अधिकार आहे की नाही?

पद्धत आणि तिच्यातील विसंगती

बेल्जियममधील धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी १९२५ मध्ये तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना उभी केली. तिची पद्धत तीन पायऱ्यांची होती : पाहा, पारखा, कृती करा. कामगारांनी आपली मजुरी, कामाचे तास, राहण्याची जागा यांचे वास्तव स्वतः मांडायचे. ते शुभवर्तमानाच्या कसोटीवर पारखायचे आणि मग करण्याजोगे काहीतरी ठरवायचे. १९६१ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात या पद्धतीला मान्यता दिली. ब्राझीलमध्ये तिच्यावर आधारलेल्या शेतकरी, शाळकरी, कामगार, विद्यापीठीय इत्यादी पाच युवक शाखा होत्या. 'जुक' ही त्यांपैकीच एक.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या शाखा 'कॅथलिक अ‍ॅक्शन' या मोठ्या चौकटीत मोडत. पोप पायस अकरावे यांनी तिची व्याख्या अशी केली होती : बिशपांच्या धर्मकार्यात सामान्य कॅथलिकांचा सहभाग. म्हणजे संघटनेला अधिकार मिळत होता तो बिशपांकडून. पद्धत सांगत होती, 'तुम्ही पाहा आणि ठरवा'. चौकट सांगत होती, 'आमच्या वतीने काम करा'. निष्कर्ष सौम्य होते तोवर ही विसंगती दिसली नाही.

विसंगती उघड झाली तेव्हा

१९६० मध्ये दहाव्या वर्धापनानिमित्त भरलेल्या अधिवेशनात ब्राझीलच्या जनतेसाठी 'ख्रिस्ती ऐतिहासिक आदर्श' कोणता असावा, याविषयी एक मसुदा पुढे आला. 'ऐतिहासिक आदर्श' ही संज्ञा फ्रेंच तत्त्वज्ञ झाक मारितँ यांची. पण मसुद्यातील मागण्या ब्राझीलच्या परिस्थितीतून आल्या होत्या. त्याने भांडवलशाहीचा निषेध केला आणि मूलभूत उत्पादनक्षेत्रांच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी केली. १९६१ मध्ये 'जुक'चे आल्दो आरांतेस राष्ट्रीय विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले आणि लवकरच त्यांना 'जुक'मधून बाहेर काढण्यात आले. संघटनेच्या नावाने राजकीय भूमिका घेण्यावरही बिशपांनी निर्बंध घातले. १९६२ मध्ये अनेक कार्यकर्त्यांनी धर्मसंस्थेच्या चौकटीबाहेर 'आसाँव पोपुलार' म्हणजे 'लोककृती' ही संघटना काढली.

येथे बिशपांवर सगळा दोष टाकणे सोपे आहे. पहिल्या दोन पायऱ्या चढू द्यायच्या आणि तिसरीवर अडवायचे, हा अन्याय होताच. परंतु विद्यार्थ्यांचीही कठोर चिकित्सा करायला हवी.

त्या काळी सुमारे सात कोटींच्या देशात उच्च शिक्षण घेणारे लाखभरही नव्हते. या मूठभरांनी शेतमजुरांचे भविष्य मांडले. मात्र ते शेतमजुरांना विचारून मांडले होते का? विद्यापीठाविषयी बोलताना त्यांचे 'पाहणे' अस्सल होते. १९६२ मध्ये विद्यापीठाच्या कारभारात एक-तृतीयांश प्रतिनिधित्व मिळावे यासाठी विद्यार्थी संघाने देशव्यापी संप केला, तेव्हा ते स्वतःच्या अनुभवातून बोलत होते. ग्रामीण ब्राझीलविषयी मात्र त्यांचे पाहणे पुष्कळदा पुस्तकांतून झालेले होते. बिशपांनी विद्यार्थ्यांशी जे केले, तेच विद्यार्थ्यांनी गरिबांशी केले : निष्कर्ष आधीच तयार ठेवला. 'लोककृती' पुढे माओवादाकडे वळली, तेव्हा हा दोष अधिकच ठळक झाला.

एक अपवाद

१९६१ मध्ये बिशपांची परिषद आणि सरकार यांच्या करारातून 'मूलभूत शिक्षण चळवळ' सुरू झाली. रेडिओवरून पाठ प्रसारित होत आणि गावातील शिकवणारा कंदिलाच्या उजेडात वर्ग चालवी. 'जुक'चे अनेक कार्यकर्ते या कामात उतरले. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताधिकार नव्हता. तो १९८५ मध्ये मिळाला. त्यामुळे अक्षर शिकणे म्हणजे थेट मत मिळवणे होते. प्रौढ शिकणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातून धडे तयार होत. अशा एका वाचनपुस्तकाचे नावच होते 'जगणे म्हणजे झगडणे'. फेब्रुवारी १९६४ मध्ये रिओच्या पोलिसांनी त्याच्या प्रती जप्त केल्या. येथे कार्यकर्ते शिकवता शिकवता स्वतः पाहायला शिकले, म्हणून चळवळीचे सर्वांत टिकाऊ काम मी याला मानतो.

मार्च-एप्रिल १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. विद्यार्थी संघाची रिओतील इमारत जाळण्यात आली आणि कार्यकर्त्यांची धरपकड झाली. 'जुक' १९६० चे दशक संपण्यापूर्वीच विरून गेली. साक्षरतेचे काम मात्र बिशपांच्या छत्राखाली, पुष्कळ सौम्य होऊन का होईना, तगले. ज्या छत्राने विद्यार्थ्यांचा आवाज दाबला, त्याच छत्राने गावचे वर्ग काही अंशी वाचवले. मूल्यमापन करताना ही दुसरी बाजू गाळू नका.

निष्कर्ष

श्रद्धा आणि समाजकार्य यांची बेरीज चुकली म्हणून 'जुक' मोडली नाही. श्रद्धेनेच या तरुणांना वसतिगृहातून गावात नेले. संघटनेचे एक संस्थापक आणि 'जुक'मधून आलेले एर्बेर्त दे सोझा यांनी १९९३ मध्ये भुकेविरुद्ध देशव्यापी मोहीम उभारली. ती प्रेरणा एवढी दीर्घ होती. अपयश होते ते विश्वासाचे. वरच्याने खालच्याच्या पाहण्यावर विश्वास ठेवला नाही, आणि हे प्रत्येक पायरीवर घडले.

तुमच्यापैकी अनेकजण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला गेले असतील. १९६९ पासून देशभरातील महाविद्यालयांत ही योजना चालते. तेथे धर्माचा प्रश्न नाही, पण पेच ओळखीचा आहे. मागच्या शिबिरात तुम्ही गावात जे काम केले, ते आठवा. रस्ता, शोषखड्डा की वृक्षारोपण, हे कोणी ठरवले होते : गावाने, तुम्ही, की तुम्ही पोहोचण्यापूर्वीच आलेल्या परिपत्रकाने? उत्तर प्रामाणिकपणे लिहून काढा. 'जुक'चा अभ्यास तेथून सुरू होतो.