कमला सोहोनींची गोष्ट रामन यांच्या दारातच का थांबते?

कमला सोहोनींवरचे मराठी लेख काढून बघा, साचा जवळपास ठरलेला असतो. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. मुलगी आहे म्हणून सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या अडून बसल्या आणि वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. मग केंब्रिज, १९३९ ची पीएच.डी., ‘पहिली भारतीय महिला’ हा किताब, आणि लेख संपला. २०२३ मध्ये गूगलने त्यांच्यावर डूडल केलं तेव्हा माझ्यापर्यंत आलेल्या पोस्टींतही हेच होतं.

रामन प्रकरण सांगायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पीएच.डी. झाली तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. पुढची तीस वर्षं त्यांनी शिकवलं, संशोधन केलं, विभाग चालवला. रिसर्चची तयारी करणाऱ्याला खरा उपयोग या तीस वर्षांचा आहे आणि लेखांत त्यांना दोन ओळी मिळतात.

आधी त्या ‘पहिली’बद्दल. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ मध्येच मिळाली होती. म्हणजे विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, असं सरसकट लिहिता येत नाही. सोहोनींचं मोठेपण या एका शब्दावर उभं नाहीच.

केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम करता करता सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असतं हे दाखवलं. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे प्रथिन. थीसिस जेमतेम चाळीस पानांचा. परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरी, आणि १९४९ पासून मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. इथे त्यांचा विषय बदलला: नीरा, डाळी, कडधान्यं. लेखांमध्ये हे ‘गरिबांच्या पोषणासाठी केलेली सेवा’ म्हणून येतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे, कारण त्यातलं विज्ञान गायब होतं.

एकच उदाहरण घेते. १९५५ मध्ये सोहोनी आणि के. एस. अंबे यांचा ‘नेचर’मध्ये पेपर आला. विषय होता वाल आणि डबल बी यांतून स्फटिकरूपात मिळवलेले ट्रिप्सिन इन्हिबिटर. ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम. कच्च्या कडधान्यांत त्याला अडवणारी प्रथिनं असतात आणि शिजवल्यावर ती बऱ्याच अंशी निकामी होतात. सोयाबीनमधला असा इन्हिबिटर मोझेस कुनिट्झ यांनी अमेरिकेत १९४५ मध्ये स्फटिकरूपात मिळवला होता. म्हणजे प्रश्न जगभर चालू असलेला, दिशा माहीत असलेली, आणि माल आपल्या वाण्याकडचा. आजच्यासारखे तयार किट हाताशी नसताना हजार प्रथिनांच्या मिश्रणातून एक शुद्ध वेगळं काढायचं, हे पहिल्या दर्जाचं बायोकेमिस्ट्रीचं काम आहे. केंब्रिजचा विषय मुंबईत तसाच रेटण्यापेक्षा, जिथे आहोत तिथे चांगला होईल असा प्रश्न त्यांनी निवडला. मला ही निवड रामन यांच्या दारातल्या हट्टाइतकीच महत्त्वाची वाटते.

आता दुसरी बाजू. सोमाटणे-तळेगाव भागातली एम.एस्सी.ची मुलं मला विचारतात, “नेट निघाली आणि कॉलेजात शिकवायला लागलो, तर रिसर्च संपला का?” त्यांना ‘सोहोनींकडे बघा, जिद्द ठेवा’ असं सांगणं म्हणजे फसवणूक आहे. सोहोनींकडे जिद्दीबरोबर प्राध्यापकपद होतं, प्रयोगशाळा होती, संशोधन करणारे विद्यार्थी होते. एवढं असूनही संचालकपदासाठी त्यांना ताटकळावं लागलं. तासिका तत्त्वावर नेमलेल्या आणि तासागणिक पैसे मिळणाऱ्या माणसाकडे यातलं काय असतं? प्रेरणादायी लेख हा हिशोब वगळतात, आणि मग अपयशाचं खापर आपण आपल्याच जिद्दीवर फोडतो.

म्हणून नोकरी घेताना तीन गोष्टी विचाराच: पद नियमित आहे का? कॉलेजला मान्यताप्राप्त रिसर्च सेंटर आणि गाइड आहे का? केमिकल्ससाठी वर्षाला किती पैसे मिळतात? तिन्हीची उत्तरं ‘नाही’ असतील तर तिथे राहून रिसर्च होईल या भरवशावर वर्षं घालवू नका. एखाद-दुसरं ‘हो’ असेल, तर आपल्या बाजारात मिळणाऱ्या कशावर जगाला पडलेला प्रश्न विचारता येईल, याची यादी आजच करायला घ्या.

आणि सोहोनींवर पुढचा लेख वाचण्याआधी तो १९५५ चा पेपर काढून वाचा.