१९०७ च्या आंग्ल-रशियन करारातील इराण: एक कारकविचार

३१ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे ब्रिटनच्या वतीने आर्थर निकल्सन व रशियाच्या वतीने इझ्व्होल्स्की यांनी ज्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या, त्याचे इराण, अफगाणिस्तान व तिबेट असे तीन विभाग आहेत. इराणविषयक विभागाची चर्चा बहुधा नकाशाच्या आधारे होते: कस्र-ए-शिरीन, इस्फहान, यझ्द या रेषेच्या उत्तरेचा प्रदेश रशियाकडे, बिरजंद, किरमान, बंदर अब्बास या रेषेच्या आग्नेयेचा ब्रिटनकडे, मधला उभयतांस मोकळा. परंतु करार हा एक गद्यलेखही असतो, आणि त्याच्या वाक्यरचनेत इराणला कोणते स्थान मिळाले याचा विचार क्वचितच होतो.

उपोद्घातात दोन्ही शासने इराणची अखंडता व स्वातंत्र्य यांचा आदर करण्याचे अभिवचन देतात. हे अभिवचन इराणला दिलेले नाही. ते त्यांनी परस्परांस दिलेले आहे. पुढील पाच कलमांत मुख्य क्रियापदांचे कर्तृत्व याच दोन सत्तांकडे राहते. विशिष्ट रेषेपलीकडे रेल्वे, बँका, तारायंत्रे, रस्ते इत्यादींच्या सवलती मागणार नाही, असे प्रत्येक सत्ता म्हणते. रचना नकारात्मक, त्यामुळे स्वर त्यागाचा. पण जे मुळात स्वतःचे नाही त्याचा हा त्याग आहे. 'प्रभावक्षेत्र' हा शब्द मसुद्यात कोठेही नाही. त्या शब्दाचे कार्य या दोन नकारांनीच पार पाडले आहे.

इराण येतो तो बहुतांशी अधिकरण म्हणून, अथवा 'इराणच्या जकाती' अशा षष्ठ्यंत रूपाने; आणि षष्ठीला तर व्याकरणात कारकत्वही नाही. सवलत देणे ही क्रिया वस्तुतः इराणी शासनाची. तिसऱ्या कलमात मात्र 'देणे' हे नाम होऊन बसले आहे आणि दाता गळून पडला आहे. इराणी शासनाच्या नावे स्पष्टपणे नोंदलेली क्रिया एकच: कर्ज काढणे. हे कर्तृत्व चौथ्या कलमात येते, आणि त्याच्या पाठोपाठ पाचव्यात त्याचे फळ. कर्जफेडीत अनियमितता झाल्यास व महसुलावर नियंत्रण ठेवण्याची गरज 'उद्भवल्यास' दोन्ही सत्तांनी आधी आपसांत मैत्रीपूर्ण विचारविनिमय करावा, असे तेथे ठरते. गरज आपोआप उद्भवते. विचारविनिमयात ऋणको नसतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, द्विपक्षीय कराराची शैलीच अशी असते, आणि तिऱ्हाइताचे कर्तृत्व तीत शोधणे अप्रस्तुत होय. या आक्षेपाचे उत्तर त्याच दस्तऐवजात आहे. अफगाणिस्तानविषयक विभागात, अमीराची संमती ब्रिटनने रशियास कळविल्यावरच त्यातील तरतुदी अमलात येतील, असे कलम आहे. ती संमती मिळाली नाही, आणि तरीही उभय सत्तांनी करार लागू मानला, हे खरे. तथापि तिऱ्हाइताच्या संमतीसाठी वाक्य कसे रचावे हे मसुदाकारांना ठाऊक होते, एवढे यावरून निःसंशय सिद्ध होते. इराणच्या बाबतीत ते वाक्य रचले गेले नाही, आणि तेही तेथील पहिली मजलिस ऑक्टोबर १९०६ पासून कार्य करीत असताना. म्हणून हे मौन शैलीचे नाही, निर्णयाचे आहे.

त्या निर्णयाची कसोटी १९११ मध्ये लागली. इराणच्या वित्तव्यवस्थेची घडी बसविण्यासाठी मजलिसने नेमलेल्या मॉर्गन शूस्टर या अमेरिकन अधिकाऱ्यास काढावे, आणि यापुढे परकीय अधिकारी नेमताना रशिया व ब्रिटन यांची संमती घ्यावी, अशी निर्वाणीची मागणी रशियाने नोव्हेंबरमध्ये केली. ज्या राष्ट्राची संमती १९०७ मध्ये कोणी विचारली नव्हती, त्यानेच आता इतरांची संमती मागत जावी, असा तिचा अर्थ होता. १ डिसेंबरला मजलिसने ती मागणी फेटाळली. २४ डिसेंबरला रशियन सैन्याच्या दडपणाखाली इराणच्याच मंत्रिमंडळाने मजलिस बंद केली. मार्च १९१५ मध्ये त्याच दोन सत्तांनी मधला प्रदेशही ब्रिटनकडे सोपविण्याचे ठरविले.

दुर्बल शेजाऱ्यावर लादलेल्या तडजोडीचे परीक्षण करताना 'अखंडता', 'स्वातंत्र्य' यांसारख्या नामांवर भिस्त ठेवून चालत नाही. ही नामे १९०७ च्या करारात प्रारंभीच आहेत, आणि त्यांनी कोणाचेही रक्षण केले नाही. कोणत्या क्रियेचा कर्ता कोण, आणि कोणत्या क्रियेचा कर्ता वगळला आहे, हे पाहिल्यावरच अशा मसुद्याचा खरा आशय हाती येतो.