संगीतमासिक आणि त्याचा वर्गणीदार

संगीतविषयक मासिकाचे मूल्य ठरवावयाचे कशावरून, या प्रश्नाचा विचार मराठी समीक्षेत फारसा झालेला दिसत नाही. वाङ्मयीन नियतकालिकांच्या कामगिरीविषयी आपण पुष्कळ लिहितो. त्यांच्या संपादकांची परंपरा सांगतो, त्यांनी पुढे आणलेल्या लेखकांची नावे अभिमानाने घेतो. संगीताचे मासिक मात्र गाणे शिकणाऱ्यांसाठीच असावयाचे, असे गृहीत धरून साहित्याचा अभ्यासक त्याच्याकडे पाठ फिरवितो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे याच्या उलट आहे. असे मासिक कोणालाही गवई करू शकत नाही. पण ते श्रोत्याला भाषा देऊ शकते, आणि ही भाषा कितपत सकस होईल हे अखेर त्याच्या वर्गणीदारावर अवलंबून असते.

आपल्याकडील संगीतमासिके विद्यालयांच्या आश्रयाने जन्माला आली, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि तेथूनच 'संगीतामृत प्रवाह' हे पत्र चालविले. 1931 साली पंडितजी निवर्तल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले व या मंडळाने 1947 पासून 'संगीत कला विहार' हे मासिक सुरू केले. तिकडे उत्तरेत प्रभुलाल गर्ग, म्हणजेच काका हाथरसी, यांचे 'संगीत' हे हिंदी मासिक 1935 पासून हाथरसहून निघू लागले होते. शिक्षण हाच ज्यांचा पाया, त्या मासिकांचा मुख्य आधार विद्यार्थी व शिक्षक हाच असावा, हे स्वाभाविक आहे. रागांची माहिती, चिजांची स्वरलिपी, परीक्षेस उपयोगी पडणारी टिपणे यांना त्यांत मोठी जागा मिळाली, ती या कारणाने.

या स्वरलिपींचे सामाजिक महत्त्व कमी लेखता येणार नाही. जी चीज मिळविण्यासाठी एके काळी शिष्याला वर्षानुवर्षे गुरूच्या घरी राबावे लागे, ती टपालाने आडगावच्या संगीतशिक्षकाच्या हाती पडू लागली, ही लहान क्रांती नव्हे. तथापि छापील स्वरलिपीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मींड, कण, आंदोलन, समेवर येण्याची गवयाची खुबी या गोष्टी चिन्हांनी सुचविता येतात, पण सांगता येत नाहीत. पाश्चात्त्य संगीताशी तुलना केली म्हणजे हा भेद अधिक कळतो. रॉबर्ट शूमन याने लाइपझिग येथे 1834 साली संगीताचे नवे नियतकालिक काढले. पुढच्याच वर्षी बर्लिओझच्या एका सिंफनीवर त्याने जे सविस्तर परीक्षण लिहिले, ते लिस्टने केलेल्या पियानोच्या संहितेवरून. म्हणजे कृती कागदावर होती, आणि टीकाकार ती वाचू शकत होता. आपला ख्याल असा कागदावर उतरत नाही; बंदिश हे त्याचे केवळ बीज असते. तेव्हा शूमनच्या नियतकालिकात जे काम छापील स्वरांनी केले, ते आपल्या मासिकात गद्याने करावे लागते. या दृष्टीने पाहता संगीतमासिकाचा प्रश्न मूलतः वाङ्मयाचा प्रश्न ठरतो.

'संगीत कला विहार'ने हे काम काही अंशी उत्तम केले. त्याचे श्रेय प्रा. बी. आर. देवधर यांना आहे. ते स्वतः गायक, 1925 साली मुंबईत संगीतविद्यालय काढणारे शिक्षक, आणि आवाजाच्या शास्त्राचे अभ्यासक. या मासिकातून त्यांनी थोर गायकवादकांची जी चरित्रे लिहिली, ती पुढे ग्रंथरूपानेही वाचकांसमोर आली. रहिमत खाँ असोत की बडे गुलाम अली खाँ असोत, देवधरांच्या लेखणीखाली ती जिवंत माणसे होतात. त्यांचे तऱ्हेवाईकपण, औदार्य, रियाज, मैफलीतील वागणे हे सर्व डोळ्यांपुढे उभे राहते. ज्या कलावंतांमागे ध्वनिमुद्रिका थोड्या किंवा तोकड्या राहिल्या, त्यांच्याविषयीची आपली स्मृती अशा लेखांवरच उभी आहे. मराठी व्यक्तिचित्रणाच्या इतिहासात या लेखांना स्थान द्यावयास हवे. ते अद्याप द्यावे तसे दिले गेलेले नाही.

परंतु गुणाबरोबर मर्यादाही सांगितली पाहिजे. चरित्र आणि आख्यायिका यांचे हे यश पाहून संगीतविषयक मराठी लेखन बव्हंशी त्याच वाटेने गेले. लेखक गवयाविषयी भरभरून सांगतो. गाण्याविषयी सांगण्याची वेळ आली म्हणजे 'सुरेल', 'रंगतदार', 'भावपूर्ण' या विशेषणांवर थांबतो. बडोद्याच्या दरबाराचे भूषण असलेल्या फैयाज खाँसाहेबांचेच उदाहरण घ्यावे. 1950 साली ते गेले. त्यांचा रुबाब आणि मैफल जिंकण्याचे सामर्थ्य यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्यांच्या नोमतोम आलापीतून ध्रुपदधमाराची शिस्त ख्यालगायनात कशी येते, बोल उच्चारताना लय कशी खेळविली जाते, हे वाक्यावाक्याने उलगडून दाखविणारे किती? मराठीला हे अशक्य होते असे म्हणावे, तर तेही खरे नाही. पं. भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग 1910 ते 1932 या काळात मराठीतच लिहिले. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'ने 1961 साली घराण्यांची स्वरलयीच्या प्रमाणावरून मीमांसा केली. डॉ. अशोक रानडे यांनी संगीतविचाराला परिभाषा दिली. भाषेत सामर्थ्य होते. ग्रंथातले हे सामर्थ्य महिन्याच्या महिन्याला मासिकात खेळते राहील, एवढा वाचक मात्र मिळाला नाही.

या बाबतीत बडोद्याचा वृत्तान्त विचार करण्याजोगा आहे. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा येथे निघाली. आजच्या विश्वविद्यालयातील संगीतशिक्षणाची परंपरा तिच्यापासूनच मोजतात. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद 1916 साली येथेच भरली. महाराजांनी 1910 साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची जी चळवळ उभारली, तिच्यामुळे नियतकालिक वाचण्याची सवय खेड्यांपर्यंत गेली. संगीत आणि वाचन या दोहोंची अशी सोय क्वचितच एका ठिकाणी झाली असेल. याच नगरातून 1970 साली प्रा. रमणलाल मेहता यांच्या संपादनाखाली 'संगीत कला विहार'ची इंग्रजी पुरवणी निघू लागली व तिचेच पुढे भारतीय संगीतशास्त्र संस्थेच्या इंग्रजी नियतकालिकात रूपांतर झाले. देशविदेशच्या अभ्यासकांशी संवाद साधणारे हे कार्य मोठेच आहे. तरीही मराठी मासिकाची पुरवणी म्हणून जे रोपटे लागले, ते इंग्रजीत वाढले, हे आपण नजरेआड करू नये. विश्लेषण इंग्रजीत आणि आठवणी मराठीत, अशी वाटणी पक्की झाली तर मराठी श्रोत्याजवळ कौतुकापुरते शब्द राहतील, निवाड्याचे राहणार नाहीत.

हा दोष संपादकांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. मासिक आपल्या वर्गणीदाराचे मन ओळखून चालते. परीक्षार्थी परीक्षा आटोपली की वर्गणी थांबवितो. त्याला टिपणे हवी असतात आणि ती त्याला मिळतात. जो गात नाही, पण कान देऊन ऐकतो, असा वर्गणीदार वर्षानुवर्षे टिकला, तरच संपादकाला दीर्घ समीक्षा छापण्याचे, मतभेदाचा पत्रव्यवहार चालविण्याचे धैर्य होते. वर्गणी ही अंकाची किंमत नव्हे; अद्याप न लिहिल्या गेलेल्या लेखावर आगाऊ ठेवलेला तो विश्वास आहे.

कोणी म्हणेल की, आता हवे ते गाणे हवे तेव्हा खिशातल्या यंत्रावर ऐकता येते, मग मासिक कशाला? वस्तुतः पूर्वी वाचावयास मिळे पण ऐकावयास मिळत नसे. आज उलट झाले आहे. फैयाज खाँसाहेबांची मुद्रिका विद्यार्थ्याला क्षणात सापडते. तीत काय ऐकावे हे सांगणारा परिच्छेद सापडत नाही. अशा परिच्छेदाची खरी वेळ आताच आली आहे, कारण लेखकाचे म्हणणे वाचक तत्काळ कानाने पडताळून पाहू शकतो. विशेषणांवर निभावून नेण्याची सवलत लेखकाला यापुढे उरलेली नाही.

म्हणून शिक्षकबंधूंस एवढेच सुचवावेसे वाटते. शालेय वाचनालयाची यादी करताना पैसे अपुरे पडले की संगीताच्या मासिकावर प्रथम काट मारली जाते, आणि कारण दिले जाते की आमच्याकडे संगीत हा विषय नाही. ते मासिक मराठीच्या शिक्षकाने मागवावे. त्याचे जुने अंक रद्दीत न घालता वर्षवार बांधून ठेवावेत, त्यांतील लेखांची सूची करावी, आणि वरच्या वर्गातील मुलांना एक मुद्रिका ऐकवून तिच्याविषयी एकही विशेषण न वापरता दहा ओळी लिहावयास सांगावे. त्या दहा ओळी लिहिताना ज्यांची दमछाक होईल, त्यांतूनच उद्याचा वर्गणीदार निघेल. आणि कदाचित लेखकही.