'फाइव्ह स्टार फायनल' : वीस वर्षांनी उकरलेला खटला

वर्तमानपत्री दुनियेवरचा जुना हॉलिवूडपट म्हटलं की १९३१ चा 'द फ्रंट पेज' आठवतो. त्याच वर्षीचा मर्व्हिन लरॉय यांचा 'फाइव्ह स्टार फायनल' मात्र जुन्या कागदांत रमणाऱ्या आपल्यासारख्यांनी आवर्जून पाहावा.

मूळ नाटक लुई वाइट्झेनकॉर्न यांचं. ते स्वतः 'न्यूयॉर्क ईव्हनिंग ग्राफिक' या सनसनाटी पत्राचे संपादक होते, त्यामुळे कचेरीतली भाषा अस्सल वाटते. खप वाढवण्यासाठी मालकाच्या हुकमावरून वीस वर्षांपूर्वीचं एक खूनप्रकरण पुन्हा छापायला घेतात. त्यातली नॅन्सी केव्हाच निर्दोष सुटलेली, आता संसारात रमलेली. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. छापून येतं, आणि आई-वडील दोघंही आत्महत्या करतात.

टेलिफोनचा प्रसंग विसरता येत नाही. पडद्याचे तीन भाग केलेत. मधल्या भागात विनवणारी नॅन्सी, दोन बाजूंना मालक आणि संपादक. तिची दाद कुणीच घेत नाही.

एक गोष्ट खटकते. बोरिस कार्लॉफ यांचा पाद्र्याच्या वेषात घरात शिरणारा बातमीदार इतका ओंगळ रंगवलाय की सगळं पाप त्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो. खरी भीती वाटायला हवी ती एडवर्ड जी. रॉबिन्सन यांच्या संपादकाची. तो हुशार आहे, कामात तरबेज आहे, आणि काय करतोय हे त्याला कळतंय. म्हणूनच तर तो सारखे हात धूत असतो!

हे आपल्याला लागू पडतं. आम्हा इंदूरकरांच्या गप्पांत १९२५ चं बावला खूनप्रकरण निघतंच. तुकोजीराव होळकरांनी १९२६ मध्ये गादी सोडली, म्हणून तो राज्याचा इतिहास आहे, लिहायलाच हवा. पण चेहऱ्यावर वार झेललेली मुमताज बेगम आपल्या लेखांत बहुधा 'नर्तकी' एवढीच उरते. शिवाय एखाद्या साध्या घरातला जुना खटला दप्तरात सापडला, तर त्या घरची नातवंडं आजही गावात असतात. त्यांची नावं छापल्यानं इतिहासात नेमकी कोणती भर पडते, हे आधी ठरवावं. भर पडत नसेल तर नावं गाळून लिहावं. खटला तेवढाच कळतो.