‘फरक नाही’ असं वाचलं की थांबा : लीप्स चाचणीबद्दल

स्ट्रोकनंतर रुग्णाला पुन्हा चालतं करायचं, तर काय जास्त उपयोगी? पट्ट्याने शरीराचं काही वजन तोलून धरत ट्रेडमिलवर चालवणं, की घरी पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम? पामेला डंकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ४०८ रुग्णांवर ही ‘लीप्स’ चाचणी केली. निष्कर्ष २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. वर्षअखेर एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता सुधारली होती आणि गटांमध्ये लक्षणीय फरक नव्हता.

यावरून बरेच जण म्हणतात, ‘म्हणजे मशीन नको, घरीच व्यायाम करा.’ इथे जरा थांबा आणि पद्धतीचा भाग वाचा. हा ‘घरचा व्यायाम’ म्हणजे डिस्चार्जच्या वेळी हातात दिलेला कागद नव्हे. फिजिओथेरपिस्ट घरी येणार, ९० मिनिटांची ३६ सत्रं घेणार आणि व्यायाम हळूहळू अवघड करत नेणार, अशी ती योजना होती. तुलना दोन भरगच्च उपचारांची होती. एका गटाला ट्रेडमिल सहा महिन्यांनी मिळणार होती. तोवर त्याला नेहमीचीच देखभाल मिळाली. सहा महिन्यांच्या टप्प्यावर त्या गटाचा चालण्याचा वेग इतरांच्या साधारण निम्माच वाढला होता. माझ्या मते पेपरमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि तीच चर्चेत हरवते.

माझा खरा आक्षेप मोजमापावर आहे. सेकंदाला ०.४ आणि ०.८ मीटर अशा दोन रेषा आखल्या. रेषा ओलांडली तरच ‘सुधारणा’. आता हिशोब करा. ०.३८ वरून ०.४१ वर गेलेला रुग्ण यशस्वी, पण ०.४२ वरून ०.७८ वर पोचलेला अयशस्वी! या रेषांना अर्थ आहे, घरापुरतं चालणं आणि बाहेर फिरणं यांतला फरक त्या दाखवतात. पण सलग आकड्याचे असे दोन कप्पे केले की माहिती गळते. लेखकांनी वेगातला बदलही दिलाय, म्हणून आपल्याला ही तपासणी करता येते. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

शेवटचा मुद्दा पडण्याचा. वर्षभरात ५७.६ टक्के रुग्ण किमान एकदा पडले. चालणं जास्त बिघडलेल्यांपैकी ज्यांनी लवकर ट्रेडमिल सुरू केली, त्यांच्यात वारंवार पडणं अधिक दिसलं. वेग वाढला म्हणून पाय स्थिर झाले, असं नसतं. तुमच्या प्रस्तावात चालण्याचा वेग हे मुख्य मोजमाप असेल, तर पडण्याची नोंद ठेवायची सोय आधीच करा.