फिल्म, आंकडे आणि कागदावरील चित्र

छायाचित्रणाच्या रसिकांत गेलीं कित्येक वर्षें एक वाद चालू आहे. डिजिटल कॅमेऱ्यानें घेतलेलें चित्र छपाईंत सरस उतरतें, कीं फिल्मवर घेऊन मागाहून स्कॅन केलेलें? दोन्ही पक्ष हिरीरीनें आंकडे पुढें करतात. परंतु ज्या कागदासाठीं हा सारा खटाटोप, त्यावरील चित्राकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें.

आंकड्यांचा हिशेब प्रथम उरकून टाकूं. ३५ मि. मी. फिल्मवरील एक चौकट ३६ मि. मी. लांब व २४ मि. मी. रुंद असते. इंचास ४,००० बिंदु या प्रमाणांत ती स्कॅन केली, तर सुमारें २ कोटि १४ लक्ष बिंदूंचें चित्र हातीं येतें. इंचास ३०० बिंदु या चोखंदळ मापानें छापल्यास तें जवळजवळ १९ इंच लांब व साडेबारा इंच रुंद होतें. कॅनन कंपनीनें २००७ सालीं पुढें आणलेल्या १डीएस मार्क ३ या कॅमेऱ्याचा संवेदक त्याच आकाराचा, आणि त्याचे बिंदु २ कोटि ११ लक्ष. म्हणजे नुसत्या मोजणीनें निकाल लागत नाहीं. शिवाय दोहोंकडे वजावट आहेच. स्कॅनमधील कित्येक बिंदु दृश्याऐवजीं फिल्मच्या कणांचेंच वर्णन करीत असतात. उलट संवेदकाचा प्रत्येक बिंदु तांबडा, हिरवा व निळा यांपैकीं एकच रंग मोजतो, आणि उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अनुमानानें भरले जातात.

खरा भेद आहे तो प्रकाशाच्या स्वीकारांत. निगेटिव्ह फिल्म झगझगीत उजेड सोसते. ढगाची पांढरी कड तिच्यावर हळूहळू दाट होत जाते, एकाएकीं नाहींशी होत नाहीं. मात्र सावलीस प्रकाश अपुरा पडला, कीं तेथें कांहींच उमटत नाहीं. संवेदकाची प्रकृति याच्या उलट. काळोखांतला तपशील तो नवल वाटावें इतका राखतो. पण एकदां भरला कीं भरला, त्यापलीकडचा उजेड छापील प्रतींत कोरा कागद होऊनच राहतो. तेव्हां कोणतें साधन श्रेष्ठ, यापेक्षां कोणत्या चित्राचा प्राण उजेडांत आहे व कोणत्याचा सावलींत, हें विचारणें अधिक शहाणपणाचें.

फिल्मच्या अभिमान्यांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें, कीं स्कॅनर हें देखील प्रकाशाचे आंकडे करणारेंच यंत्र आहे. स्कॅन म्हणजे मूळ निगेटिव्ह नव्हे. तें तिचें एक वाचन होय. वाचणारा अडखळला, तर दोष ग्रंथाचा नसतो.

या वादावर उत्तम प्रकाश पडतो तो ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव सालगादो (१९४४–२०२५) यांच्या ‘जेनेसिस’ या चित्रमालिकेनें. २००४ सालीं त्यांनीं ती फिल्मवर आरंभिली. विमानतळांवरील क्ष-किरणांच्या तपासणीनें फिल्मला धोका पोहोंचतो म्हणून २००८ सालीं ते डिजिटल कॅमेऱ्याकडे वळले. पण त्या चित्रांस त्यांनीं संगणकाकडून जुन्या फिल्मसारखे कण चढविले, पुढें आंकड्यांवरून पुन्हां फिल्मच्या निगेटिव्ह करविल्या, आणि त्यांवरून चांदीच्या कागदावर प्रती काढविल्या! यास कोणी सोंग म्हणेल. आमच्या मतें तें सोंग नव्हे. एका दीर्घ कृतीचा पूर्वार्ध व उत्तरार्ध एकाच हातचा वाटावा, ही कलावंताची मागणी रास्त आहे. तथापि एक उणीव उरतेच: फिल्मवरील कण चित्राबरोबरच जन्मास येतो, हा मागाहून लेवविला जातो. कागद तो झांकूं शकतो. कलावंतानें मात्र तो फरक विसरूं नये.

हा विवेक केवळ प्रदर्शनांपुरता नाहीं. आज घरोघरीं वडिलांच्या, आजोबांच्या काळच्या निगेटिव्ह स्कॅन होत आहेत, आणि तें इष्टच आहे. कारण ॲसिटेटची फिल्म उष्ण व दमट हवेंत आंबूस वास सोडीत कुजूं लागते. परंतु स्कॅन झालें म्हणून मूळ फिल्म केरांत टाकणें हा मात्र शुद्ध अविचार होय. ती खिडकीशीं धरली तरी डोळ्यांस दिसते. आंकड्यांस यंत्रावांचून वाचा नाहीं. पुढें अधिक चांगलें यंत्र व अधिक जाणता मुद्रक मिळेल, तेव्हां नवें वाचन करतां येईल, पण मूळ जपलेलें असेल तरच.