गॅट्सबीची पिवळी मोटार

स्कॉट फिट्झजेराल्ड ह्यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही १९२५ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी बहुधा एका विफल प्रेमाची कथा म्हणून वाचली जाते. नवश्रीमंत गॅट्सबी, त्याची पूर्वप्रेयसी डेझी आणि तिचा पति टॉम ब्यूकॅनन ह्यांत वाचक असा गुंततो कीं, मोटारीखालीं सांपडलेली मर्टल विल्सन केवळ कथानकाला गति देण्यापुरती मेली, असें वाटावें. आमच्या मतें ह्या कृतीचें सामर्थ्य आणि तिचें वैगुण्य हीं दोन्ही त्या अपघाताभोंवतींच शोधलीं पाहिजेत.

लेखकानें त्याची तयारी फार आधींपासून केली आहे. भरधाव निघालेल्या गॅट्सबीला पोलीस अडवितो, तेव्हां तो खिशांतून एक पांढरें कार्ड काढून दाखवितो. पोलीस तत्काळ टोपीला हात लावून क्षमा मागतो. पोलीस-कमिशनरावर गॅट्सबीनें एकदां उपकार केलेले असतात आणि साहेब दरवर्षीं त्याला नाताळचें शुभेच्छापत्र पाठवितात! वाचक हंसतो. पण मर्टलला पुढें जी वाट नडावयाची, तिच्यावरचा कायदा कोणाच्या खिशांत आहे, हें येथेंच सांगून झालेलें असतें.

मर्टल ही राखेच्या उकिरड्यालगत गॅरेज चालविणाऱ्या गरीब माणसाची बायको आणि टॉमची रखेली. तिला चिरडणारी गाडी डेझी हांकीत असते; गॅट्सबी आळ स्वतःवर घेण्यास सिद्ध होतो. विल्सन गॅट्सबीला गोळी घालून स्वतःही मरतो. मग चौकशी होते. मर्टलची सख्खी बहीण शपथेवर खोटें बोलते, विल्सन दुःखानें वेडा झाला होता एवढें ठरतें, आणि प्रकरण मिटतें. ही चौकशी लेखकानें थोडक्या ओळींत उरकली आहे, तें योग्यच. तिचें तोकडेपण हीच तिच्यावरील टीका आहे.

निवेदक निक कॅरवे ह्याच्याविषयीं मात्र आम्हांस असें म्हणतां येत नाहीं. गाडी कोण चालवीत होतें हें त्याला ठाऊक आहे, आणि तो गप्प राहतो. डेझी त्याची दूरची बहीण. पुढें टॉम भेटतो तेव्हां मनांत तिटकारा असूनही हा गृहस्थ त्याच्याशीं हस्तांदोलन करतो. गुन्ह्याचा प्रश्न येथें अभिरुचीचा होऊन बसतो. गॅट्सबीच्या अंत्ययात्रेचें वर्णन विस्तारानें येतें. मर्टलला कोठें पुरलें, ह्याची निकला वास्तपुस्तही नाहीं.

वाचकाची दृष्टीही अशीच वळते. १९ मे २०२४ रोजीं पुण्यास कल्याणीनगरांत एका अल्पवयीन धनिकपुत्रानें हांकल्याचा आरोप असलेल्या मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळानें जामीन देतांना त्याला अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहावयास सांगितलें. त्या निबंधाची चर्चा घरोघरीं झाली; मृतांचीं नांवें मात्र आपल्यापैकीं कितीजणांस सांगतां येतील?

कादंबरींत त्या पिवळ्या मोटारीचा शोध घेत पायपीट करणारा एकटा विल्सन आहे. गाडी कोणाची, एवढें त्याला टॉमकडून कळतें. ती चालवीत कोण होतें, हें त्याला कोणीच सांगत नाहीं.